सपाट आवाजाचा संकल्प

सोमवार, २८ सप्टेंबर १९८७. दुपार.

शेवटी झालं. संस्कृतिभवनाच्या फिल्म क्लबचा वाचक म्हणून माझी निवड.

संचालिका ग्राबिएत्सबाई स्वतः पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आल्या. म्हणाल्या, आधीचे वाचक आलोयझीराव मुलीकडे ग्दीनियाला कायमचे गेले. परदेशी चित्रपटांचे डबे दर पंधरा दिवसांनी झेशूफहून येणार, पण पडद्यावर सबटायटल नाहीत. सोबत नुसती संवादांची टाइप केलेली यादी. नट तिकडे आपल्या भाषेत बोलणार आणि त्याच्या मागोमाग इथे कुणीतरी माईकवर पोलिशमध्ये वाचायचं. दंतवैद्य सोबिएराय यांना विचारलं, त्यांना वेळ नाही. शाळेतल्या लॅटिनच्या बाईंना विचारलं, त्यांनी हात जोडले. मग तुम्ही आठवलात.

म्हणजे निवड बराच विचार करून झाली आहे.

अनुभव: चोवीस वर्षं गावातले पाण्याचे मीटर वाचतोय. एकही आकडा चुकलेला नाही. (मार्च ७९चा प्रकार सोडून. त्यात चूक मीटरची होती.) चित्रपट तर लहानपणापासून. गावात माझ्याइतके चित्रपट पाहिलेला दुसरा माणूस नाही, आणि पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटावर माझं मत आहे. न पाहिलेल्यांवरही आहे.

नियम एकच: यादीत आहे तेवढंच वाचायचं, आणि सपाट आवाजात. नायक, नायिका, पोर, म्हातारा, सगळ्यांसाठी एकच आवाज. नायिका रडो, नायक मरो, वाचकाने रडायचं नाही, मरायचं नाही. चांगला वाचक तो, जो होता हे लोक घरी पोचेपर्यंत विसरतात.

संकल्प: सपाट आवाज. वर्षाच्या आत टीव्ही. राजधानीत टीव्हीवर परदेशी चित्रपटाला जे गृहस्थ वाचतात त्यांचं वय झालंय. जागा रिकामी होणारच. त्यांना माणूस लागेल आणि मी इथे तयार असेन.

लुत्सिनाला सांगितलं. ती कोबी चिरत होती. बायको म्हणून अभिमान वाटला असणारच, पण बोलली एवढंच की म्हणजे गुरुवारी संध्याकाळी घरात शांतता.

शुक्रवार, २ ऑक्टोबर. सकाळी ७.

काल पहिला गुरुवार. वेस्टर्न. इटालियन लोकांनी काढलेला.

मत: वेस्टर्न हा मुळात घोड्यांचा चित्रपट. माणसं फक्त वर बसायला. घोडे काम चांगलं करतात कारण त्यांना डायलॉग नसतात. वाचकाला हा प्रकार सोपा. नायक दहा मिनिटांनी एक वाक्य बोलतो, तेही दातात काडी धरून.

घोटाळा तिथेच झाला. मधे एवढा वेळ मिळाला की मी चित्रपट बघायला लागलो, आणि दोन पानं एकदम उलटली गेली. इतका पातळ कागद यादीला वापरायचाच कशाला? परिणाम असा की दरोडेखोरांचा म्होरक्या छातीत गोळी घेऊन वाळूत पडला, त्याने नायकाचा हात धरला आणि माझ्या सपाट आवाजात म्हणाला, "हातपाय धुऊन घ्या पोरांनो, सूप निवतंय." यावर नायकाने हॅट काढली.

प्रेक्षक १९. पोट धरून हसले. इतकी वर्षं या गावाला वेस्टर्नमधला विनोद सापडत नव्हता, तो माझ्या पहिल्याच गुरुवारी सापडला.

नंतर ब्रोनेकने खोलीतून डोकं बाहेर काढलं. तीस वर्षं प्रोजेक्टर चालवतो. त्याने एवढंच विचारलं, की सूप कसलं होतं. त्याला सिनेमा कळत नाही, डबे कळतात.

बुधवार, ७ ऑक्टोबर.

घशासाठी रोज सकाळी एक अंड्याचा बलक साखरेत घोटून. लुत्सिना म्हणते ती अंडी रविवारच्या केकची आहेत. कलेला पहिला विरोध घरातूनच होतो.

मंगळवार, १३ ऑक्टोबर.

रिहर्सल तळघरांत सुरू केली आहे. मीटर बहुतेक तळघरातच असतात, तिथे आवाज छान घुमतो आणि मीटर मधे बोलत नाही. आज विधवा माझूरबाईंच्या तळघरात रहस्यपटातली सतरा वाक्यं वाचली. वर आलो तर बाई जिन्याच्या तोंडाशी लाटणं घेऊन उभ्या. मी "प्रेत कुठे ठेवलंस ते सांग" असं वाचलं होतं. समजावून सांगितल्यावर त्यांनी चहा दिला, पण लाटणं खाली ठेवलं नाही.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर. सकाळी.

काल रहस्यपट. फ्रेंच.

मत: रहस्यपटात रहस्य नसतं, दिग्दर्शकाचा वेळकाढूपणा असतो. मी खुनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. या वेळी त्याआधीच ओळखला, कारण यादी शेवटून वाचली होती. खुनी नोटरी.

संकल्प केला होता की आवाजात काही म्हणजे काही दाखवायचं नाही. दाखवलं नाही. फक्त नोटरी पडद्यावर आला की घसा जरा खाकरला जायचा. तो आपोआप खाकरला जायचा, त्याला मी काय करणार. बलक रोज घेतोय.

लिहून ठेवण्याजोगी गोष्ट: गावात खोकल्याची साथ आहे. मध्यंतरापर्यंत मागच्या रांगा खोकत होत्या, मध्यंतरानंतर सगळं सभागृह. नोटरी गाडीतून उतरला, चौतीसजण खोकले. नोटरीने सिगारेट पेटवली, पुन्हा खोकले. इन्स्पेक्टरच्या बाबतीत सगळे ठणठणीत. सभागृहात गार हवा येते, म्हणून हीटरबद्दल ग्राबिएत्सबाईंकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचली.

प्रेक्षक ३४. जवळजवळ दुप्पट. रहस्यपट लोकांना आवडतो असं दिसतं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण आमच्या गावाला लागायला लागली आहे.

सोमवार, २६ ऑक्टोबर.

मीटर वाचायला जाईन तिथे एकच प्रश्न: येत्या गुरुवारी तुम्हीच आहात ना? चित्रपट कोणता, हे कुणी विचारत नाही. माझ्या निवडीवर इतका विश्वास. निवड झेशूफवाले करतात, पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर. सकाळी.

भयपट. ओसाड वाडा, दाराआड काहीतरी, पांढऱ्या गाऊनमधली मुलगी मेणबत्ती घेऊन एकटी निघते. लाइट लावत नाही.

मत: भयपट हा पोरांचा प्रकार. मोठ्या माणसाला भीती वाटत नाही, कंटाळा येतो. मी काल बराच वेळ डोळे मिटून होतो, तो कंटाळ्याने.

डोळे मिटलेले असताना यादी दिसत नाही, ही अडचण आधी लक्षात आली नाही. पडद्यावर चार मिनिटं पात्रं नुसती तोंडं हलवत होती म्हणे. दिग्दर्शकाने केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं. मग मी एका डोळ्याने पाहिलं तर मुलगी दाराच्या कडीला हात घालत होती, आणि मी माईकवर म्हणालो, "अगं नको उघडू, तुझ्या आईने तुला काही शिकवलंय की नाही?"

हे यादीत नव्हतं, हे मान्य. पण असायला हवं होतं. लेखक विसरला तर वाचकाने सांभाळून घ्यायचं नाही तर कुणी? मुलीने दार उघडलंच. मग मी जे म्हणालो त्यात येशू, मारिया आणि आमच्या ऑफिसातले दोन शब्द होते. ग्राबिएत्सबाईंनी सकाळीच बोलावून समज दिली. मी म्हटलं, पुन्हा होणार नाही. त्यांनी समोरची तिकिटांची अर्धुकं मोजली. ७१. मग म्हणाल्या, निदान ते दोन शब्द तरी नकोत.

रविवार, १ नोव्हेंबर. सर्व संतांचा दिवस.

लुत्सिनाबरोबर कबरस्तानात. शेवंती, मेणबत्त्या, अख्खं गाव हजर. सासऱ्यांच्या कबरीपासून फाटकापर्यंत पोचायला तासभर लागला. जो तो मला बघून हसतो, हात मिळवतो. एकजण खोकला. दोघांनी "सूप निवतंय" म्हणून नमस्कार केला. मेलेल्या नातेवाइकांसमोर माणूस असं मोकळं हसतो तेव्हा त्याच्या मनात आपल्याबद्दल खरंच आदर असतो.

लुत्सिना सगळा वेळ जमिनीकडे बघत चालली होती. चिखल होता म्हणून असेल.

फाटकाशी दंतवैद्य सोबिएराय. म्हणाले, "वाचक म्हणजे खिडकीची काच, झेनोनराव. काचेने मधेच बोलू नये." मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्याकडे माणूस तोंड उघडून बसतो आणि बोलता तुम्हीच. तेव्हा कुठे गप्प झाले. पोटात दुखतंय त्यांच्या. जागा हातची गेली ना.

पण रात्री जेवताना विचार केला तर मुद्दा बरोबर आहे. टीव्हीवाल्यांना काच हवी असणार.

संकल्प (दुसरा): काच.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर. सकाळी.

काल रडका चित्रपट. स्वीडिश. प्रेक्षक ११८.

मत: रडका चित्रपट बायकांसाठी असतो. नवरा दुसरीकडे जातो, बायको आजारी पडते, बर्फ पडतं, नवरा परत येतो. बर्फ नसतं तर निम्मे स्वीडिश चित्रपट झालेच नसते. पुरुषाने हे कोरड्या डोळ्यांनी बघावं, आणि मी पहिली चाळीस मिनिटं बघितलं.

पुढे यादीची शाई फिसकटली, कारण तिच्यावर पाणी पडलं. पाणी कुठून आलं या खोलात शिरत नाही.

नवरा परत येतो तो सीन. आठ वर्षं पत्र नाही, आणि हा चामड्याचे हातमोजे घालून दारात उभा. म्हणतो, मला माफ कर. यादीत बायको म्हणते, "मी तुझी वाटच बघत होते." मी ते वाक्य पाहिलं. तोंड उघडलं. ते काही तोंडातून बाहेर येईना. चोवीस वर्षं मी लोकांच्या घरांत जातोय. अशा दोन बायका मला याच गावात माहीत आहेत, त्यांच्या तळघरात अजून त्या नवऱ्यांचे बूट आहेत. मी वाचलं, "चालता हो. आणि हातमोजे काढ, घरात आहेस."

पडद्यावर तिने त्याला मिठी मारली, त्याला माझा इलाज नाही. पण सभागृहात टाळ्या. उभं राहून. माझूरबाई सगळ्यांत जोरात.

ग्राबिएत्सबाईंनी पुन्हा बोलावलं. आधी कपाळाला हात लावला. मग अर्धुकं मोजली, मग हात काढला. मग एक पत्र दाखवलं. क्राकूफच्या वितरण कार्यालयातून व्हिएल्गोश नावाचे गृहस्थ दहा डिसेंबरला येणार. आपल्या क्लबची उपस्थिती पाहून प्रत्यक्ष पाहणी करायची आहे म्हणतात. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी यादीतलं सोडून एक शब्द बोललात तर मीसुद्धा तुम्हाला वाचवू शकणार नाही."

घरी येताना सगळं उलगडलं. उपस्थितीचा नुसता बहाणा. एवढ्या लांब माणूस रिकाम्या खुर्च्या मोजायला येतो होय? टीव्हीवाले असंच करतात. आधी गुपचूप माणूस पाठवतात, आवाज ऐकतात, मग पत्र येतं. ब्रोनेकला सांगितलं. तो म्हणाला, आकडे बघायला येतोय. तो डब्यांचा माणूस.

शनिवार, १४ नोव्हेंबर.

लुत्सिनाला विचारलं, राजधानीत राहायला आवडेल का? ती म्हणाली, आधी बाल्कनीतली खारवलेल्या कोबीची पिंपं कुठे ठेवणार ते सांग.

व्यावहारिक अडचणी नंतर बघू.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर. सकाळी.

अंतराळपट. देश सांगत नाही, तेही लोक बिचारे कष्टाने काढतात.

मत: विज्ञानकथेत विज्ञान नसतं आणि कथा तर नसतेच. एक माणूस यानात बसून खिडकीतून बघतो. दहा मिनिटं बघतो. मग तोंड वळवून दुसऱ्या खिडकीतून बघतो. सव्वादोन तासांची संवादांची यादी, पानं दोन. मला हा सरळसरळ वाचकाचा अपमान वाटला.

बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वीस मिनिटं बोललो नाही. पण लोक अस्वस्थ होत होते, खुर्च्या करकरत होत्या, सगळे मान वळवून मागे माझ्या टेबलाकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार माईक बिघडला. म्हणून, फक्त माईक चालू आहे हे कळावं म्हणून, मी सपाट आवाजात म्हणालो, "तो विचार करतोय."

पाच मिनिटांनी: "अजून करतोय."

मग यानाचं दार उघडलं, आत कुणी नाही. "कुणी नाही." मग तो पुन्हा खिडकीशी. "आता मीटर बघेल." आणि खरंच त्याने समोरच्या यंत्रावरचा काटा पाहिला. हे मी अनुभवाने सांगितलं होतं, पण सभागृहात जो आवाज झाला तो मी आयुष्यात ऐकलेला नाही. एकजण खुर्चीतून खाली पडला असं ब्रोनेक सांगतो. प्रेक्षक १४० आणि भिंतीला टेकून उभे बावीस. शेजारच्या गावाहून बस करून आले होते. अंतराळपटाला! दहा वर्षांपूर्वी या प्रकाराला कुत्रं फिरकत नव्हतं.

दंतवैद्यही होते. हसून डोळे पुसत होते. मग माझ्याकडे बघून गंभीर झाले.

सोमवार, ३० नोव्हेंबर.

उरले दहा दिवस. संकल्प (शेवटचा, लाल शाईने): दहा तारखेला काच. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. हसणं, रडणं, खाकरणं, डोळे मिटणं बंद. बलक दोन.

शनिवार, ५ डिसेंबर.

यादी सोमवारीच आली. विनोदी चित्रपट, इंग्रजांचा. एक सरदार, त्याचा बटलर, घरात चुकून दोन नवऱ्या मुली.

मत: विनोदी चित्रपट हा सगळ्यांत गंभीर प्रकार आहे. त्यात हसणारा वाचक म्हणजे श्राद्धाला जेवताना वाहवा करणारा पाहुणा. इथेच खरा वाचक कळतो. व्हिएल्गोश येणार तेही नेमके विनोदीला. त्यांना कळतंय कुठे पकडायचं.

आठवडाभर तळघरांत रिहर्सल. यादी पाठ. बाराव्या पानावर बटलर सरदाराच्या पायजम्यातून उंदीर काढतो तिथे मला चार दिवस हसू येत होतं. काल आलं नाही. काल मीटरसमोर ते पान सहा वेळा वाचलं आणि घराची जप्ती आल्यासारखा आवाज लागला.

शुक्रवार, ११ डिसेंबर. सकाळी ६.

झोप लागली नाही. नीट लिहितो.

व्हिएल्गोश पाचव्या रांगेत. ठेंगणे, ब्रीफकेस मांडीवर. सभागृह खच्चून भरलेलं. मी टेबलावरचा दिवा लावला तेव्हाच लोक हसायला लागले, काही वाचलंही नव्हतं.

मी वाचलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, यादीत होतं तसं, नटाच्या अर्ध्या श्वासामागे, एका पट्टीत. पहिली दहा मिनिटं लोक वाट बघत होते. मग मागच्या रांगेतून कुणीतरी मला मदत म्हणून खोकलं. मी पुढचं वाक्य वाचलं. बारावं पान आलं, पायजमा, उंदीर. "महाराज, हलू नका. त्यालाही थंडी वाजते आहे." वाचलं. कुणी हसलं नाही. मध्यंतरात माझूरबाई टेबलाशी आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना? मध्यंतरानंतर तीसेक खुर्च्या रिकाम्या.

माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम वाचन. हे मत नाही.

संपल्यावर ग्राबिएत्सबाईंच्या खोलीत बोलावलं. व्हिएल्गोश काचेच्या पेल्यातून चहा पीत होते. मी कोट चढवला होता, टायही. बाईंनी ओळख करून दिली, हे आमचे वाचक. ते म्हणाले, "आज वाचक होता का? माझ्या लक्षातच आलं नाही."

याहून मोठी शाबासकी वाचकाला नाही. मी मान लववली. दंतवैद्य तिथे असायला हवे होते.

मग ते बाईंकडे वळले आणि त्यांनी ब्रीफकेस उघडली. ते टीव्हीचे नाहीत. त्यांना टीव्हीत कुणी ओळखतही नाही. ते उपस्थितीचेच. एवढ्याशा गावात चाळीस टक्के खुर्च्या भरल्या तरी खूप, इथे तीन महिन्यांत पूर्ण भरल्या, असं त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं. असा क्लब पहिल्या श्रेणीत जातो. पहिल्या श्रेणीला जानेवारीपासून सबटायटल छापलेल्या प्रती मिळतात. "म्हणजे आता वाचकाची कटकट नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघून मोठ्या मनाने मान हलवली, माझीच कटकट गेल्यासारखी.

ग्राबिएत्सबाईंनी माझ्या पेल्यात दोन चमचे साखर जास्त घातली.

एकोणीसचे एकशेचाळीस मी केले. नसते केले तर अजून वाचत असतो.

शनिवार, १२ डिसेंबर.

विचार केला. सबटायटल हा प्रकार टिकणार नाही. लोकांना वाचायचं असतं तर वाचनालयात गेले असते. जानेवारीत पंधराजण आले तरी मिशी उतरवीन. मग श्रेणी खाली येईल आणि ग्राबिएत्सबाई पुन्हा ऑफिसात येतील. त्या वेळी लगेच हो म्हणायचं नाही. आठवडाभर विचार करतो म्हणायचं.

बुधवार, १६ डिसेंबर.

तीन दिवसच म्हणायचं.

गुरुवार, २४ डिसेंबर.

नाताळची पूर्वसंध्या. रिवाजाचे बारा पदार्थ, टेबलक्लॉथखाली गवत. आजच्या रात्री म्हणे जनावरांनाही वाचा फुटते. मी गप्प होतो. लुत्सिनाने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवार, ८ जानेवारी १९८८. सकाळी.

काल सबटायटलचा पहिला गुरुवार. फक्त खुर्च्या मोजायला म्हणून गेलो. दारात लुत्सिना उभी, चांगल्या कोटात, हातात दोन तिकिटं. तीन महिन्यांत एकदाही आली नव्हती.

प्रेक्षक १२६. मिशीचा विषय नको.

सातव्या रांगेत बसलो. मागचं टेबल काढून तिथे शेवंतीची कुंडी ठेवली आहे. तुर्की चित्रपट. डोंगरातला एक बस ड्रायव्हर आणि त्याचा न बोलणारा भाऊ. खाली अक्षरं आली आणि माझ्या तोंडून आपोआप पहिलं वाक्य गेलं, हळूच, सपाट. दुसरंही गेलं. पुढच्या रांगेतले दंतवैद्य वळले. चिडलेले नव्हते. "झेनोनराव," ते म्हणाले, "दिसतंय आम्हाला."

मग मी तोंड मिटलं आणि पडद्याकडे बघितलं. काही करायचं नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत बघितलं. लोक जिथे हसायचं तिथे हसले. भाऊ घाटात उतरून चालायला लागतो तिथे कुणीही हललं नाही. कुणी मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.

घरी येताना रस्ता बर्फाने निसरडा, लुत्सिनाने माझा दंड धरला होता. मी विचारलं, एवढे दिवस आली नाहीस ती आजच का?

ती म्हणाली, "अख्खं गाव तुला हसायला जायचं, झेनेक. मी तिथे बसले असते तर मलाही हसू आलं असतं. आणि नवऱ्याला हसायला तिकीट कशाला काढायचं, घरी फुकट होतं की."

मी चालत राहिलो. त्यांचं हसणं मला ऐकू यायचं. टेबल मागे होतं, पण मी बहिरा नव्हतो. पहिल्या गुरुवारीच कळलं होतं, सुपाच्या वेळीच. पण चोवीस वर्षं मी ज्या घरांत जातो तिथे लोक तळघराचं दार दाखवतात आणि आपल्या कामाला लागतात. ते सगळे एका जागी बसून माझी वाट बघत होते. ते वाट कशासाठी बघत होते, हे मी वहीतसुद्धा लिहिलं नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. तिने दंड जरा घट्ट धरला, बर्फामुळे.

चौकात आल्यावर तिने विचारलं, चित्रपट कसा वाटला तुला. मी म्हणालो, चांगला होता. ती थांबली, पुढचं ऐकायला. पुढचं काही नव्हतं.